जुन्या कर्जाची नोटीस आणि नव्या सहीचा फास

अलिबाग (विशेष प्रतिनिधी) : ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, अलिबाग या तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत भुईसपाट झाल्या. घरांची छपरे उडाली, होड्या फुटल्या. टाळेबंदीमुळे पर्यटकांनी आधीच पाठ फिरवली होती. घरगुती खाणावळी, राहण्याच्या खोल्या, प्रवासी गाड्या यांच्यासाठी घेतलेल्या कर्जांचे हप्ते त्याच सुमारास थकले. श्रीवर्धनची प्रसिद्ध रोठा सुपारी पुन्हा लावली, तरी नव्या झाडाला फळ धरायला सहा-सात वर्षे जातात. कर्जाच्या दाव्याला कायद्याने दिलेली मुदत मात्र सर्वसाधारणपणे तीनच वर्षांची असते. अनेकांची बाग अजून पुरती उभी राहिलेली नाही, पण त्या वादळाच्या वर्षात थकलेल्या बऱ्याच विनातारण कर्जांची न्यायालयीन मुदत उलटून गेली आहे.

असे असताना गावातल्या बंद घराच्या दारात एखादे जाड पाकीट येऊन पडते. आत वकिलाचा मथळा असलेला कागद, मूळ रकमेच्या दुप्पट-तिप्पट आकडा आणि ‘सात दिवसांत रक्कम न भरल्यास दिवाणी व फौजदारी कारवाई, जप्ती व अटक’ असा इशारा असतो. पाठवणाऱ्या कंपनीचे नाव बहुधा अपरिचित असते, कारण कर्ज देणाऱ्या बँकेने ते दुसऱ्याला विकलेले असते. घरातील कर्ते मंडळी मुंबईत, ठाण्यात किंवा पनवेलला असतात. शेजारी पाकिटाचे छायाचित्र मोबाईलवर पाठवतो आणि रात्रभर कोणाला झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी नोटिशीवरील क्रमांकावर दूरध्वनी जातो. पलीकडची व्यक्ती मऊ आवाजात सांगते, ‘तूर्त पाच हजार भरा, एक अर्ज लिहून द्या, बाकीचे हप्त्याहप्त्याने पाहू.’

या साऱ्या व्यवहारातील खरी जोखीम नोटिशीच्या धमकीत नाही, ती त्या मऊ आवाजात मागितलेल्या अर्जात आहे. मुदत उलटलेल्या कर्जाला न्यायालयात उभे राहण्याचे बळ नोटीस देऊ शकत नाही. ते बळ पुन्हा मिळवून देण्याची किल्ली बहुतेक वेळा कर्जदाराच्याच हाती असते आणि घाबरलेला कर्जदार ती स्वतःहून सावकाराच्या हाती ठेवतो.

मुदत म्हणजे नेमके काय?

मुदतीचा कायदा १९६३ चा आहे. पैसे उसने दिल्याबद्दलच्या किंवा कराराचा भंग झाल्याबद्दलच्या दाव्यास त्याने तीन वर्षांची मुदत घातली आहे. या कायद्याचे कलम ३ फार महत्त्वाचे आहे. मुदतीनंतर दाखल झालेला दावा, प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा उपस्थित केला नसला तरीही, न्यायालयाने फेटाळला पाहिजे, असे ते कलम सांगते.

मुदत संपली म्हणजे कर्ज नाहीसे झाले, असा मात्र याचा अर्थ नाही. मुदतीमुळे दाव्याचा मार्ग बंद होतो, मूळ देणे संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बॉम्बे डाइंग कंपनीच्या खटल्यात १९५८ मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणून कर्जदाराने मुदतीनंतर आपखुशीने पैसे भरले, तर ते परत मागता येत नाहीत. सावकाराने सभ्य शब्दांत परतफेडीची विनंती केली, तर त्यातही बेकायदा काही नाही. कर्जबाजारीपणाची नोंदही लगेच पुसली जात नाही. पतमाहिती कंपन्यांकडे ती किमान सात वर्षे राहते आणि नवे कर्ज मिळण्यास अडथळा करते. म्हणजे जुने कर्ज नैतिक आणि व्यावहारिक अर्थाने जिवंत असते. न्यायालयामार्फत सक्तीने वसूल करण्याचा रस्ता तेवढा बंद झालेला असतो.

‘निसर्ग’च्या वर्षातील कर्जांच्या बाबतीत येथे एक हिशेब समजून घ्यायला हवा. कोरोनाच्या साथीमुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा संपूर्ण कालावधी मुदतीच्या गणनेतून वगळावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२२ रोजी दिला. त्यामुळे जून २०२० मध्ये थकलेल्या देण्याची तीन वर्षे जून २०२३ मध्ये संपली नाहीत. त्यांची मोजणी १ मार्च २०२२ पासून सुरू झाली आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी संपली. रिझर्व्ह बँकेने त्या वेळी दिलेली हप्तेस्थगिती ज्यांनी ऑगस्ट २०२० पर्यंत घेतली, त्यांचे कर्ज सप्टेंबरपासून थकले असले, तरी तो महिनाही वगळलेल्या काळातच मोडतो.

हा हिशेब प्रत्येक कर्जाला जसाच्या तसा लागू होईल, असे मात्र नाही. पाच वर्षांचे कर्ज मध्येच थकले आणि बँकेने संपूर्ण रक्कम एकदम परत मागितली नसेल, तर पुढच्या तारखांना देय झालेल्या हप्त्यांची मुदत पुढे सरकू शकते. मधल्या काळात कर्जदाराने काही भरणा केला असेल किंवा लेखी कबुली दिली असेल, तर मोजणी नव्याने सुरू होते. म्हणूनच जुन्या कर्जाच्या वादात आकड्यापेक्षा तारीख महत्त्वाची ठरते. नोटिशीत आकडा ठळक असतो आणि तारीख बहुधा नसते, हे विसरून चालणार नाही.

नोटीस, समन्स आणि लोकअदालतीचा कागद

वकिलाची नोटीस हा न्यायालयाचा आदेश नव्हे. आपल्या पक्षकाराच्या वतीने वकिलाने केलेली ती मागणी असते. तिच्यामुळे घर जप्त होत नाही की पोलीस दारात येत नाहीत. कर्ज न फेडणे हा मुळात दिवाणी स्वरूपाचा विषय आहे. ऐपत नसल्यामुळे देणे फेडता न आलेल्या माणसाला केवळ तेवढ्या कारणासाठी तुरुंगात टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात म्हटले आहे. हा प्रश्न न्यायालयाने हुकूमनामा दिल्यानंतरच्या टप्प्यावरचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे नुसत्या नोटिशीतील अटकेच्या धमकीचे वजन किती, ते कळते.

कर्ज दुसऱ्या कंपनीला विकणे बेकायदा नाही, हेही सांगितले पाहिजे. थकीत कर्जे मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकण्याची सोय २००२ च्या कायद्यानेच केलेली आहे. परंतु विकत घेणाऱ्याला मूळ बँकेचेच हक्क मिळतात, त्याहून अधिक नाहीत. कर्जाचे मालक बदलले म्हणून मुदत नव्याने सुरू होत नाही.

सर्वांत मोठा गोंधळ लोकअदालतीच्या नोटिशीमुळे होतो. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा भरते. तीत न्यायालयात अद्याप दाखलच न झालेली वसुलीची प्रकरणे, म्हणजे ‘दाखलपूर्व’ प्रकरणे, बँका व वित्तसंस्था मोठ्या संख्येने ठेवतात. कागदावर विधी सेवा प्राधिकरणाचे नाव आणि न्यायालयाच्या इमारतीचा पत्ता असल्याने तो समन्स असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात ते तडजोडीसाठी दिलेले निमंत्रण असते. लोकअदालतीला न्यायनिवाडा करण्याचा अधिकार नाही, दोन्ही पक्षांची संमती असेल तरच ती निवाडा देऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये पंजाबमधील एका प्रकरणात बजावले आहे. दाखलपूर्व प्रकरणात कोणी गैरहजर राहिला, तर केवळ त्या कारणाने त्याच्यावर रकमेचा बोजा बसत नाही.

तेथे जाऊन तडजोडीवर सही केली, तर मात्र चित्र पालटते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ नुसार लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्याविरुद्ध अपील नसते. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीस बारा वर्षांची मुदत आहे. तीन वर्षे उलटून गेलेले जे कर्ज न्यायालयात टिकले नसते, त्याला एका सहीने आणखी बारा वर्षांचे आयुष्य मिळते. तडजोड वाईट असते, असे येथे सुचवायचे नाही. ती कशाची आणि कोणत्या बदल्यात होत आहे, हे कळून झाली पाहिजे, एवढेच.

खरे समन्स ओळखणे अवघड नसते. त्यावर न्यायालयाचा शिक्का, दाव्याचा क्रमांक व हजर राहण्याची तारीख असते आणि सोबत वादपत्राची प्रत जोडलेली असते. ते बेलिफामार्फत किंवा टपालाने येते. शंका असल्यास ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावावरून किंवा क्रमांकावरून खातरजमा करता येते.

दीडशे वर्षांपूर्वीचे ‘नवे खत’

मुदत संपत आली की कर्जदाराकडून नव्या कागदावर सही घ्यायची, ही युक्ती आजची नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या, नोंदणी न केलेल्या खतावरील दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणली. रयतेचे जुने देणे पिढ्यान्‌पिढ्या चालू राहू नये, हा हेतू होता. परिणाम उलटा झाला. सावकार दर तीन वर्षांनी कुणब्याला बोलावून नवे खत लिहून घेऊ लागले. साचलेले व्याज मुद्दलात मिळवले जाई आणि त्या वाढलेल्या मुद्दलावर पुन्हा व्याज सुरू होई. ज्याला वाचता येत नव्हते, तो अंगठा उठवून मोकळा होई.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि दंगे पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. त्या वेळी जमावाचे मुख्य लक्ष्य सावकारांकडील खते होती. ती हिसकावून जाळण्यात आली. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने कर्जाच्या या पुनर्लेखनाची दखल घेतली आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. कर्जदाराच्या संरक्षणासाठी केलेली मुदत कर्जदाराच्याच सहीने निकामी होते, हा त्या दंग्यांतून मिळालेला धडा आहे.

आजच्या कायद्यात ही ‘नवी सही’ दोन दारांनी आत येते. पहिले दार मुदतीच्या कायद्यातील कलम १८ व १९ चे. मुदत चालू असताना कर्जदाराने देणे लेखी मान्य केले किंवा काही रक्कम भरून तशी सहीची नोंद झाली, तर त्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षे मिळतात. कबुली ई-मेलने दिलेली असली तरी चालते, असा निर्णय कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला आहे. तेव्हा मोबाईलवर किंवा संगणकावर सहज लिहिलेला ‘थोडा वेळ द्या, पैसे देतो’ हा मजकूरही निरुपद्रवी समजू नये.

दुसरे दार १८७२ च्या करार कायद्यातील कलम २५ चे. मुदत पूर्ण उलटून गेल्यावर नुसती कबुली किंवा एखादा किरकोळ भरणा जुन्या दाव्यात जीव भरू शकत नाही. परंतु ‘हे देणे मी फेडीन’ असे लेखी व सहीचे वचन दिले, तर तो स्वतंत्र नवा करार ठरतो आणि त्यावर दावा चालतो. वसुली प्रतिनिधी पाच हजारांबरोबर ‘एक अर्ज’ का मागतो, याचे उत्तर येथे आहे. पाच हजार रुपये दुय्यम असतात. त्याला अर्ज हवा असतो.

धनादेशाची गोष्ट याहून गंभीर आहे. मुदतबाह्य देण्यासाठी दिलेला धनादेश हेही कलम २५ खालील लेखी वचनच होय, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये दिला. असा धनादेश वटला नाही, तर फौजदारी खटला उभा राहू शकतो. म्हणजे दिवाणी न्यायालयातही ज्याची वसुली झाली नसती, त्या देण्यासाठी कर्जदार आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहतो.

जी कर्जे ‘जुनी’ होत नाहीत

तीन वर्षांचा नियम ऐकून निश्चिंत होणे मात्र घातक ठरेल. रायगडच्या किनाऱ्यावर कर्जाचे जे प्रकार रूढ आहेत, त्यांतील अनेकांना तो लागू पडत नाही.

पहिला अपवाद सहकारी पतसंस्था व सहकारी बँकांचा. येथे अनेकांचे पहिले कर्ज गावच्या पतसंस्थेचे असते आणि ते घेताना सभासद व्हावे लागते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९२ नुसार, सभासदाकडील येणे रकमेच्या वादात मुदतीची मोजणी सभासदाचा मृत्यू झाल्यापासून किंवा त्याचे सभासदत्व संपल्यापासून होते. हप्ता थकल्याची तारीख तेथे निर्णायक नसते. ‘पतसंस्थेचे कर्ज पाच वर्षे जुने झाले, आता काय होते?’ असे म्हणणारा सभासद भ्रमात असतो. शिवाय अशा संस्थांना निबंधकांकडून कलम १०१ खालील वसुली दाखला मिळवता येतो आणि जप्तीची कारवाई न्यायालयाबाहेर, सहकार खात्याच्या यंत्रणेमार्फत होते. सभासद असलेला जामीनदारही त्यातून सुटत नाही.

दुसरा अपवाद तारणाचा. घर वा जागा गहाण असेल, तर तारणातून रक्कम वसूल करण्याच्या दाव्यास बारा वर्षांची मुदत आहे. सोने तारण असेल, तर रीतसर सूचना देऊन ते विकण्याचा सावकाराचा हक्क तीन वर्षांनी संपत नाही. तारण ठेवलेल्या मुदत ठेवीतून बँक मुदतबाह्य देणेही वळते करून घेऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये मान्य केले आहे. तिसरा अपवाद आधीच हुकूमनामा झालेल्या प्रकरणांचा. त्यांत वर उल्लेखिलेली बारा वर्षे लागू होतात. चौथा अपवाद सरकारी येण्याचा. केंद्र वा राज्य सरकारला दाव्यासाठी तीस वर्षांची मुदत आहे. त्यामुळे एखाद्या योजनेतून नौकेसाठी मिळालेल्या कर्जात सरकारचा वाटा किती, बँकेचा किती आणि मच्छीमार संस्थेचा किती, हे पाहिल्याखेरीज निष्कर्ष काढू नये.

सहकारी कर्जांबाबत कायदा कठोर का, याचे उत्तर याच जिल्ह्याने अनुभवले आहे. पेण अर्बन बँकेवर २०१० मध्ये निर्बंध आले आणि पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना २०२१ मध्ये रद्द झाला. दोन्ही वेळा बुडालेल्या कर्जांची झळ आयुष्याची पुंजी ठेवणाऱ्या सामान्य ठेवीदारांना बसली. कर्ज म्हणून दिलेला पैसा अखेर कोणाच्या तरी ठेवीचा असतो. ज्याची ऐपत आहे, त्याने मुदतीच्या आडोशाला लपून देणे बुडवावे, असे कोणीही म्हणणार नाही. पण वर्षानुवर्षे दावा न करता स्वस्थ बसलेल्या आणि पडत्या भावात कर्ज विकत घेतलेल्या कंपनीने खोटी भीती घालून वसुली करावी, हेही न्यायाला धरून नाही. या दोन गोष्टींची गल्लत होता कामा नये.

उत्तर द्यावे, पण कसे?

नोटीस फाडून टाकणे आणि घाबरून पैसे भरणे, ही दोन्ही टोके टाळावीत. प्रथम पाकीट व त्यावरील टपालाचा शिक्का जपून ठेवावा. घरातील जुने पासबुक, करारनामा, पावत्या शोधून शेवटचा भरणा कधी झाला आणि त्यानंतर कोठे सही केली होती का, याची टिपणी करावी. हे होईपर्यंत दूरध्वनीवर कोणतेही आश्वासन देऊ नये. उत्तर लेखीच द्यावे, स्पीड पोस्टने पोहोच घेऊन पाठवावे आणि शक्यतो आधी वकिलाला दाखवावे.

उत्तराचा मजकूर थोडका असावा. उदाहरणार्थ : ‘आपली अमुक तारखेची नोटीस मिळाली. मूळ करार, संपूर्ण खातेउतारा, शेवटच्या भरण्याची तारीख व पुरावा, तसेच कर्ज आपणाकडे हस्तांतरित झाल्याचा दस्त यांच्या प्रती पाठवाव्यात. या पत्राने मी कोणतेही देणे मान्य करीत नाही व ते फेडण्याचे वचनही देत नाही. मुदतीच्या कायद्याखालील बचावासह माझे सर्व हक्क राखून ठेवीत आहे.’ ‘मी कर्ज घेतलेच नव्हते’ असे खोटे विधान करण्याचा मोह टाळावा. कागद समोर आल्यावर ते अंगाशी येते, आणि मुदतीच्या बचावाला त्या खोट्याची गरजही नसते.

चार प्रकारच्या कागदांकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. न्यायालयाचे समन्स आले, तर कैफियत देण्यास सर्वसाधारणपणे तीस दिवस मिळतात आणि संक्षिप्त दाव्यात हजेरी दहा दिवसांतच नोंदवावी लागते. मुदतबाह्य दावा फेटाळणे न्यायालयावर बंधनकारक असले, तरी प्रतिवादी गैरहजर असताना वादीने मांडलेल्या तारखाच न्यायालयासमोर असतात आणि एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. तो रद्द करून घेण्याच्या अर्जास तीसच दिवस असतात. लवादाची नोटीस आली, तर मुदतीचा कायदा लवादालाही लागू आहे आणि निकालात हितसंबंध असलेल्या पक्षाने एकट्याने लवाद नेमणे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अमान्य केले आहे, हे दोन्ही आक्षेप लेखी नोंदवावेत. लवादाच्या निवाड्याविरुद्ध जाण्यास तीन महिने मिळतात. धनादेश न वटल्याची नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस मोजले जातात. सहकार खात्याच्या वसुली अधिकाऱ्याच्या नोटिशीची तारीखही चुकवू नये.

कर्जदार हयात नसल्यास वारसांची जबाबदारी वारशाने आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. वडिलांच्या नावाची नोटीस मुलाच्या पगारावर चालून येऊ शकत नाही. मात्र मुलाने भावनेच्या भरात स्वतःच्या नावे हमीपत्र किंवा धनादेश दिला, तर ती मर्यादा ओलांडली जाण्याची भीती असते.

देणे मिटवायचेच असेल, तर ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असे स्पष्ट लिहिलेले पत्र अधिकृत ई-मेलवरून किंवा शिक्क्यासह आधी हाती घ्यावे, रक्कम एकदाच आणि बँकेमार्फत द्यावी, ‘येणे बाकी नाही’ असा दाखला व पतनोंदीतील दुरुस्ती मागून घ्यावी. हप्त्यांची तडजोड करून दोन हप्ते भरणे आणि तिसरा चुकवणे, हा सर्वांत वाईट पर्याय होय.

वसुली प्रतिनिधींच्या वागणुकीबाबत नियम आहेत. गुंडांकरवी वसुलीस सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये खडसावले. २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रतिनिधींविषयी सविस्तर सूचना काढल्या. सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करणे, धमकावणे, नातलग-मित्रांपुढे बदनामी करणे आणि दिशाभूल करणारी विधाने करणे यांस ऑगस्ट २०२२ मध्ये तिने स्पष्ट मनाई केली. संस्थेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १४४४८ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. पतसंस्था या व्यवस्थेत येत नाहीत. त्यांच्यासाठी सहकार खात्याचे निबंधक कार्यालय आहे. वकील परवडत नसल्यास अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, नैसर्गिक आपत्तीचे बळी आणि ठरावीक उत्पन्नमर्यादेखालील नागरिक मोफत विधी साहाय्यास पात्र असतात. वादळग्रस्तांनी यातील आपत्तीचा निकष लक्षात ठेवावा. त्यासाठीचा राष्ट्रीय क्रमांक १५१०० आहे.

तारीख सांगण्याची सक्ती हवी

कर्जदाराने सावध राहावे, हे खरे. पण सारा भार त्याच्या सावधपणावर टाकणे हा न्याय नव्हे. अमेरिकेत नोव्हेंबर २०२१ पासून मुदतबाह्य कर्जासाठी दावा करण्याची धमकी देण्यासही वसुली कंपन्यांना मनाई आहे. स्कॉटलंडमध्ये पाच वर्षांनंतर सर्वसाधारण कर्ज कायद्याने संपुष्टातच येते. आपल्याकडे दिशाभूल करू नये, असा मोघम दंडक आहे. मुदत उलटल्याचे ठाऊक असताना न्यायालयाची भीती घालणे ही दिशाभूलच आहे, असे त्यात नेमकेपणाने लिहिण्याची गरज आहे.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. वसुलीच्या प्रत्येक नोटिशीत शेवटच्या भरण्याची तारीख, कर्ज थकल्याची तारीख, मूळ सावकाराचे नाव आणि दाव्याची मुदत शिल्लक आहे की नाही, एवढी माहिती मराठीत देण्याचे बंधन रिझर्व्ह बँक आपल्या अधिकारात घालू शकते. दाखलपूर्व प्रकरणे स्वीकारताना हीच माहिती विधी सेवा प्राधिकरणांनी मागितली आणि सहीपूर्वी ‘हे देणे मुदतबाह्य असू शकते’ असे कर्जदाराला सांगितले, तर लोकअदालतीवरील विश्वास वाढेलच. न्यायालयाच्या आवारात झालेली तडजोड अज्ञानावर उभी असू नये.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी खते जाळली, कारण त्यांवर काय लिहिले होते ते त्यांना वाचता येत नव्हते. आजच्या कर्जदाराला वाचता येते. पण नोटिशीतून तारीखच गाळलेली असेल, तर वाचता येऊन उपयोग काय? पुढचा चार ओळींचा अर्ज लिहून देण्यापूर्वी त्याने ती तारीख विचारावी. उत्तर येईपर्यंत सही थांबली, तर कायद्याने कोणाचेही नुकसान होत नाही.